परदेशातलं स्की-गाव: माणसं सहा, आवडी सहा. कुठं जावं?

सोनकी_सातारा

नमस्कार मंडळी. दोन महिने झाले, आमच्याकडं रात्रीच्या जेवणाला हा एकच विषय आहे आणि निर्णय काही होत नाही. म्हणून इथं मांडते. जरा मोठं होईल, पण प्रत्येकाचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

नवरा ४३ वर्षांचा, दरवर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळतो. त्याला स्कीइंग नीट शिकायचंय, फोटोपुरतं नाही. लेक नववीत, चौदा वर्षांची. तिला स्की नकोच, स्नोबोर्ड पाहिजे. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला घसरायला मिळालं की झालं. सासरे ७२, बीपीची गोळी चालू, आणि रेल्वेचं विलक्षण वेड. आजही संध्याकाळी फिरायला म्हणून माहुलीला स्टेशनावर जाऊन बसतात. सासूबाई ६७, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. राहिले मी. मला वेग नको. कासच्या रस्त्याला पावसाळी धुक्यात तासन्‌तास चालते, तसं बर्फातून चालायचंय.

पुढच्या वर्षी लेकीची दहावी, म्हणजे गेलो तर याच हिवाळ्यात. मे महिन्याच्या सुट्टीत जमेल का ते आधी पाहिलं. तेव्हा युरोपात त्सेरमाट, हिंटरटुक्स अशा हिमनदीवरच्या मोजक्या जागा सोडल्या तर बहुतेक ठिकाणच्या लिफ्ट बंद झालेल्या असतात. न्यूझीलंडचा हंगाम जूनमध्ये उघडतो, तोवर आपल्या शाळा भरतात. तेव्हा शाळा आठ दिवस बुडवूनच जाणार.

खर्च सगळा धरून दहा-बारा लाखांच्या आत बसवायचाय. ती साठवलेली रक्कम आहे आणि पुन्हा लवकर साठणार नाही, म्हणून चुकायचं नाहीये. कुणी असं मिश्र कुटुंब घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

गोडोलीकर

ताई, आधी अल्माटीचा विचार करा. आम्ही चौघं जाऊन आलो. कझाकस्तानला भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, दिल्लीहून थेट विमान आहे. शिंबुलाक हे स्की-केंद्र शहराच्या अगदी डोक्यावर आहे. मेदेउचं प्रसिद्ध स्केटिंगचं मैदान १,६९१ मीटरवर, तिथून गोंडोलात बसायचं की थेट शिंबुलाकला २,२६० मीटरवर. स्की न करणाराही आरामात वर जातो, कॅफेत बसतो, खाली येतो. खर्च स्वित्झर्लंडच्या निम्म्यापेक्षा कमी आला.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. हिवाळ्यात खाली शहरात धूर कोंडतो, माझ्या आईला खोकला झाला. आणि जेवण मांसाचं. आम्ही फ्लॅट घेऊन स्वतः रांधलं म्हणून निभावलं.

हिमवाट

मूळ वाईचा, आता पुण्यात. आठ हिवाळे स्की करतोय. तुमचे मिस्टर खरंच शिकणार असतील तर त्सेरमाट. मॅटरहॉर्न (४,४७८ मीटर) समोर, गाव मोटारमुक्त, वर क्लाइन मॅटरहॉर्नच्या ३,८८३ मीटरवरच्या स्टेशनपर्यंत केबल कार. गाव स्वतःच सुमारे १,६०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६, म्हणजे महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक जिथं संपतं तिथं ते गाव सुरू होतं. एवढ्या उंचीमुळं बर्फाची खात्री. तुमच्या सासऱ्यांना गॉर्नरग्राटची गाडी आवडेल, १८९८ पासून चालू आहे, ३,०८९ मीटरपर्यंत जाते.

दुसरा पर्याय जपानमधलं निसेको. सैबेरियातून येणारं कोरडं गार वारं जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतं आणि होक्काइदोच्या डोंगरांवर भुसभुशीत बर्फ टाकतं. स्नोबोर्डला तसा बर्फ दुसरीकडं क्वचित.

सोनकी_सातारा

हिमवाटदादा, मनापासून आभार. काल जेवताना तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. नवरा आणि लेक लगेच तयार झाले. सासूबाई भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकरी उलटून त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही सगळी वर गेल्यावर सकाळी धा वाजता मी तिथं काय करू, ते सांगा आधी."

कुणालाच उत्तर देता आलं नाही. दोन महिने आम्ही उतार किती, बर्फ किती, पास केवढ्याला, हेच बघत होतो. त्यांच्या दहा वाजताचं कुणी पाहिलंच नव्हतं. त्यांना घरी ठेवून जाणं हा पर्याय नाही. एका साखर कारखान्याच्या पतसंस्थेत ३१ वर्षं नोकरी केली त्यांनी, या रकमेत त्यांचाही वाटा आहे.

कृष्णाकाठची_आजी

सोनकी, तुझ्या सासूबाईंचा प्रश्न वाचला आणि दुपारची झोप सोडून लिहायला बसले. मी सांगलीची, वय ६९. मुलगा जर्मनीत असतो. मी स्की करत नाही, करणारही नाही, पण दोन हिवाळे अशा गावात काढलेत. एक वाईट गेला, एक फार चांगला.

पहिल्या खेपेला मुलगा फ्रान्समध्ये उंचावरच्या एका गावात घेऊन गेला. ते गाव स्कीसाठीच बांधलेलं. इमारतीच्या दारात स्की अडकवायच्या आणि सुटायचं. ज्याला येतं त्याच्यासाठी याहून सोयीचं काही नाही, हे मीही कबूल करते. पण मला चालायला वाट नव्हती, जिकडं बघावं तिकडं स्कीवाल्यांचा उतार. बाजारपेठ नाही, देऊळ-चर्च काही नाही, जुनं घर नाही. साडेआठला सगळी जायची, साडेचारला दमून यायची आणि जेवून आडवी व्हायची. चार दिवस मी खिडकीत बसून काढले. नातू पहिल्यांदा न पडता खालपर्यंत आला ते मी मोबाइलवर बघितलं. तो डोंगराच्या त्या अंगाला, मी या अंगाला. मुलगा प्रेमानंच घेऊन गेला होता, त्याला मी बोलले नाही. पण आतून फार तुटल्यासारखं झालं.

दोन वर्षांनी सून म्हणाली, या वेळी गाव मी शोधते. तिनं स्वित्झर्लंडमधलं वेंगेन शोधलं. वर १,२७४ मीटरवर, उन्हाच्या कठड्यावर वसलेलं. आपलं महाबळेश्वर जरा उंचच भरेल. तिथं मोटार जात नाही. खाली लाउटरब्रुनेनला गाडी बदलायची आणि दात्यांच्या रुळावरची, म्हणजे मधल्या दातेरी पट्टीत चाक अडकवून चढणारी, छोटी रेल्वे धरायची. शिकाऊ मुलांचा उतार गावाच्या मधोमध आहे. मी बाकावर बसायचे, दहा पावलांवर नातू पडायचा, उठायचा, माझ्याकडं बघून हात करायचा.

आणि दुपारची गोष्ट ऐक. साडेअकराला मी एकटी त्याच रेल्वेत बसायचे आणि क्लाइने शायडेगला उतरायचे, २,०६१ मीटर. समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ, एका रांगेत. मुलगा-सून स्की करत तिथंच यायचे, स्की बाहेर रॅकला उभ्या करून ठेवायचे. पायात ते जाड बूट, ठकठक करत आत यायचे, गाल लाल झालेले. आम्ही सगळे एका टेबलाला बसून गरम सूप प्यायचो. सकाळी कोण कुठं पडलं ते ताजं ताजं ऐकायला मिळायचं. मग ती उतारावरून खाली, मी गाडीनं खाली.

माझं म्हणणं एवढंच, की गाव सगळ्यात कमी स्की करणाऱ्या माणसाच्या अंगानं निवड. नकाशा पुढ्यात घे. वर जिथं मंडळी जेवतात, तिथवर स्की न घालता रेल्वेनं किंवा केबल कारनं जाता येतं का बघ. गावात बर्फ काढलेली सपाट वाट आहे का, आणि घरापासून स्टेशन किती पावलांवर आहे तेही बघ. उतार मग बघ, तो पुष्कळ ठिकाणी चांगलाच असतो.

हिमवाट

आजी, हे वाचून मी माझा आधीचा प्रतिसाद मागं घेतो. मी नेहमी मित्रांबरोबर गेलोय, सगळे स्की करणारे. दुपारचं जेवण म्हणजे खिशातला चॉकलेटचा तुकडा. असा विचार करायची वेळच आली नाही.

आता त्सेरमाटकडं पुन्हा पाहिलं तर नवख्यांसाठी एक अडचण दिसते. तिथले शिकाऊ उतार गावात नाहीत, वर सुनेगाच्या बाजूला आहेत. म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना वर जायचं तिकीट काढावं लागतं. निसेकोला जानेवारीत बर्फ सतत पडतो याचाच अर्थ ऊन क्वचित. स्की करणाऱ्याला ते चालतं, बाकावर बसणाऱ्याला नाही. शिवाय जपानी आमटी-रश्शात सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, वरून भाजीचं दिसलं तरी. अंडंही न खाणाऱ्यांचं तिथं कठीण.

बर्फाळ_वाटसरू

जॉर्जियातलं गुदौरी कुणी सुचवलं नाही म्हणून लिहितो. तिबिलिसीहून साधारण १२० किलोमीटर, स्वस्त, लांब मोकळे उतार. घेवड्याचं सारण भरलेली लोबियानी आणि चीजची खाचापुरी, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. पण आजींची कसोटी लावली तर गुदौरी बसत नाही. गाव म्हणजे रस्त्याकडेची हॉटेलं. जोरात बर्फ पडला की पुढचा घाटरस्ता बंद. सगळे स्की करणारे असाल तरच जा.

सोनकी_सातारा

आजी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला. "ही बाई खरं सांगतीय" म्हणाल्या. आमच्याकडं ही मोठी पावती.

सासऱ्यांनी "दात्यांची रेल्वे" एवढं ऐकलं आणि चष्मा लावून बसले. त्यांनी आयुष्यात एकच तशी गाडी पाहिलीय, उटीची. भारतात दात्यांच्या रुळाची तेवढी एकच आहे. आता ते वेंगर्नआल्प रेल्वेची माहिती आम्हाला रोज सांगतात: १८९३ सालची, दोन रुळांमधलं अंतर ८०० मिलिमीटर, लांबी १९ किलोमीटर, सलग दात्यांच्या रुळावर चालणारी जगातली सगळ्यात लांब. माथेरानची गाडी ६१० मिलिमीटरची, म्हणजे ही तिच्यापेक्षा जरा रुंद, हे मला आता पाठ झालंय.

तर प्रश्न आता त्या भागापुरता: वेंगेन, ग्रिंडेलवाल्ड की म्युरेन? आणि ऑस्ट्रियातलं काही याच कसोटीला उतरतं का, स्वस्तात?

हिमवाट

ऑस्ट्रियात झेफेल्ड उतरतं. इन्सब्रुकजवळ, १,२०० मीटरच्या आसपास, सपाट पठारावर. चालायच्या वाटा भरपूर, घोड्यांच्या घसरगाड्या, गाव रेल्वेवर. १९६४ आणि १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमधल्या सपाटीवरच्या स्की शर्यती तिथंच झाल्या. तुम्हाला आणि सासूबाईंना झेफेल्ड फार आवडेल, खर्चही कमी. पण नवऱ्याला आणि लेकीला चार दिवसांत ते अपुरं पडेल.

तीन गावांबद्दल. म्युरेन १,६३८ मीटरवर, देखणं आणि शांत, पण छोटं. उतार जरा शिकलेल्यांचे. ग्रिंडेलवाल्ड मोठं, दुकानं भरपूर, आत तरणतलाव आणि बर्फावरचं स्केटिंग. फर्स्ट नावाच्या बाजूला स्नोबोर्डचं पार्क. तिथूनच फाउलहॉर्नवरून गावापर्यंत १५ किलोमीटरची घसरगाडीची वाट आहे, पण तिच्यासाठी आधी बरंच चालत चढावं लागतं. तुमच्या मुलाला छोट्या वाटा पुरतील. त्या गावात वेलोगेमेल म्हणून लाकडी सायकलसारखी घसरगाडी मिळते, चाकांच्या जागी पट्ट्या. १९११ पासून तिथलीच. मुलाला ती दाखवली की तो उतरणार नाही.

वेंगेनचं आजींनी सांगितलंच. महत्त्वाचं हे, की ग्रिंडेलवाल्ड आणि वेंगेनचे उतार क्लाइने शायडेग आणि मेनलिखेनला एकमेकांना मिळतात. कुठंही राहिलात तरी भेटायची जागा तीच. सोनकीताई, तुमच्यासाठी मेनलिखेन ते क्लाइने शायडेग ही हिवाळ्यात चालायला तयार करतात ती वाट आहे. दोन्ही टोकांना लिफ्ट किंवा रेल्वे, मध्ये तुम्ही आणि समोर आयगरची भिंत.

उणी बाजूही लिहितो. वेंगेनची उंची कमी, एखाद्या उबदार हिवाळ्यात गावातला बर्फ पातळ होतो. तेव्हा शिकायला वर जावं लागेल.

तारीख ठरवताना एक जपा. जानेवारीच्या मध्यावर वेंगेनला लाउबरहॉर्नची शर्यत असते, १९३० पासूनची, आता स्कीच्या विश्वचषकातली. साडेचार किलोमीटरचा उतार, विश्वचषकातला सगळ्यात लांब. त्या आठवड्यात गावात खोली मिळत नाही, काही उतारही बंद असतात. नाताळ-नववर्ष महाग. फेब्रुवारीच्या मध्यापासून युरोपातल्या शाळांना सुट्ट्या लागतात, तेव्हा रांगा. जानेवारीचा शेवटचा आठवडा धरा.

सोनकी_सातारा

म्हणजे संक्रांत घरी करून निघायचं. आणि २६ जानेवारीमुळं शाळेचा एक दिवस कमी बुडेल. सासूबाईंना हे फार पटलं.

मेतकूट_भात

जेवणाचं मी सांगते. स्वयंपाकघर असलेला फ्लॅटच घ्या. कोऑपचं दुकान वेंगेनमध्ये आहे आणि ग्रिंडेलवाल्डमध्येही. दूध, भाज्या, तांदूळ, मसूर सगळं मिळतं. बाहेर खाल्लंत तर बटाट्याच्या किसाची रोस्टी मिळते, पण त्यात बेकन किंवा वर अंडं असू शकतं, आधी विचारायचं. फाँड्यूत, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, पांढरी वाइन असते. आणि सासूबाई फार काटेकोर असतील तर त्यांना आधीच सांगा, ग्रुयेरसारखं पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या पाचकरसानं घट्ट केलेलं असतं. तिथं जाऊन कळण्यापेक्षा इथं कळलेलं बरं.

आणि साताऱ्याची माणसं म्हणून मुद्दाम लिहिते: कंदी पेढे नेऊ नका. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ तिथं नेता येत नाहीत. खवा, तूप, पनीर, सगळं घरी ठेवा. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कोरडे मसाले न्या.

कृष्णाकाठची_आजी

आणि भडंग. रेल्वेत खिडकीशी बसून भडंग खाल्ला मी. तिखट होता, बाहेर बर्फ पडत होता, फार बरं वाटलं.

सोनकी_सातारा

पेढ्यांचं बरं सांगितलंत! मोती चौकातून दोन किलो न्यायचं ठरलं होतं, घरमालकिणीला द्यायला. आता सासूबाई शेंगदाण्याचे लाडू करतो म्हणाल्यात, तूप न घालता, गुळातले.

फिजिओ_कराड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळं गुडघे आणि पडणं याबद्दल लिहितो.

सासूबाईंना धोका डोंगराचा नाही, गावातल्या रस्त्याचा आहे. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी वरून काचेसारखा थर असतो. बुटांवर चढवायच्या, खिळे लावलेल्या रबरी जाळ्या मिळतात, त्या आणि टोकाला खिळा असलेली काठी, दोन्ही घ्या. खिळे लावून दुकानाच्या फरशीवर मात्र चालायचं नाही, तिथं उलट घसरतं. काढता-घालता येण्याचा सराव इथंच करा. नवीन गुडघ्यांनी खाली वाकून जाळी चढवणं सोपं नाही, त्यांना खुर्चीत बसवून करून बघा.

तुमचे मिस्टर पळतात म्हणजे दम आहे, पण स्कीला मांड्या सतत वाकलेल्या अवस्थेत वजन पेलतात. यवतेश्वर चढण्यापेक्षा उतरताना जे दुखतं ते हे. आठवड्यातून दोनदा घाट उतरायचा सराव आणि भिंतीला पाठ लावून बैठक, दोन महिने आधीपासून.

सासरे शायडेगहून पुढं बोगद्यातल्या रेल्वेनं युंगफ्राउयोखच्या खिंडीत जाणार असतील तर ती जागा ३,४५४ मीटरवर आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. बीपीच्या माणसानं डॉक्टरांना विचारूनच जावं, पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नाही, तीन-चार दिवस गावात राहून. वर जिने सावकाश, पाणी पीत राहायचं, डोकं दुखायला लागलं की पुढच्या गाडीनं खाली.

गॉगल सगळ्यांना हवेत, बाकावर बसणाऱ्यालाही. ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ढगाळ दिवशीही डोळे भाजतात.

आता विमा. माझ्या धाकट्या भावानं तिकिटाबरोबर मिळालेला प्रवासविमा घेतला होता. दुसऱ्या दिवशी उतारावर मनगट मोडलं. पुढं कळलं की पॉलिसीत बारीक अक्षरात हिवाळी खेळ वगळलेले होते. उतारावरून खाली आणल्याचं, हॉस्पिटलचं, सगळं बिल त्यानं भरलं. स्वित्झर्लंडला जायच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं म्हणून आपण तेवढा आकडा बघतो आणि सही करतो. तुम्ही पॉलिसीत स्कीइंग आणि स्नोबोर्डिंग हे शब्द लेखी आहेत का ते बघा, आणि हेलिकॉप्टरनं उचलून आणण्याचा खर्च धरलाय का तेही. स्वित्झर्लंडमध्ये तो खर्च रुग्णाकडून घेतात. सासरे-सासूबाईंच्या आधीच्या आजारांचं कलम वेगळं वाचा.

बोर्डवाली

मी १९ वर्षांची आहे, सोळाव्या वर्षी स्नोबोर्ड शिकले, म्हणून लेकीच्या बाजूनं लिहिते. काकू, तिला पहिले दोन दिवस फार वाईट जातील. बोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात, माणूस सारखा बसतो आणि तळहातावर पडतो. मनगटाचे संरक्षक पट्टे आणि पार्श्वभागाला गादी असलेली आतली पँट, दोन्ही घ्याच. तिसऱ्या दिवशी अचानक वळायला येतं. तोवर "स्की घेतली असतीस तर" असं कुणी म्हणू नका, प्लीज. माझ्या घरी म्हणाले होते, मी रडले होते.

तिला बाबांच्या वर्गात घालू नका, तिच्या वयाच्या मुलांबरोबर घाला. इंग्रजीत शिकवणारे शिक्षक असतात. आणि वर्ग सुटल्यावर थोडा वेळ एकटी फिरू द्या, निळ्या उतारांपुरती. तिथं निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. साडेबाराला शायडेगला यायचं एवढं ठरलेलं असलं की ती बरोबर येते. आम्ही भूक लागल्यावर येतोच.

सोनकी_सातारा

बोर्डवाली, तुझा प्रतिसाद लेकीनं स्वतः वाचला. काही बोलली नाही, पण स्क्रीनशॉट काढून बाबांना पाठवला. आम्हाला कळलं. कुणी काही म्हणणार नाही, शब्द.

गोडोलीकर

पैशांचं एक. स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे देशभर फिरायचा रेल्वेचा पास, एका जागी आठवडाभर राहणाऱ्याला बहुतेक परवडत नाही. हाफ फेअर कार्ड बघा. महिनाभर चालतं, रेल्वे आणि बहुतेक डोंगरी गाड्यांना निम्मं तिकीट. त्याबरोबर फॅमिली कार्ड फुकट मागून घ्या. सहा ते पंधरा वर्षांची मुलं आई किंवा वडील बरोबर असताना रेल्वेला मोफत. तुमची दोन्ही मुलं बसतात. दोन वर्षांनी गेला असता तर लेकीचं पूर्ण तिकीट पडलं असतं. उतारांवरच्या लिफ्टचा स्की-पास मात्र वेगळा, त्याला ही सवलत लागू नाही.

व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला ४५. नोव्हेंबरपर्यंत थांबू नका.

हिमवाट

सामान फार विकत घेऊ नका. स्की, बोर्ड, बूट, हेल्मेट तिथं भाड्यानं मिळतं. हातमोजे, गॉगल आणि आतले लोकरीचे किंवा सिंथेटिक थर घ्या. सुती बनियन नको, घामानं ओला झाला की अंगावर गार पडतो. बूट घालून बघताना एकच पातळ मोजा. दोन मोजे घातले की पाय आत हलतो आणि नडगी सोलते. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढं टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की सुटला पाहिजे. तसा नसला तर लाजायचं नाही, बदलून मागायचा. दुकानदार वजन, उंची, वय आणि स्की किती येतं ते विचारतो, ते खरं सांगा. पडल्यावर स्की पायातून कधी सुटावी हे त्यावर ठरतं. नवऱ्याला हे नीट सांगा, पुरुष कौशल्य जास्त सांगतात, मग स्की वेळेवर सुटत नाही आणि गुडघा जातो.

सोनकी_सातारा

मंडळी, ठरलं. वेंगेन. जानेवारीचा शेवटचा आठवडा, लाउबरहॉर्नची शर्यत होऊन गेल्यावर. मुंबईहून झ्युरिक थेट, तिथून पुढं सगळं रेल्वेनं. सासऱ्यांनी गाड्या बदलायची स्टेशनं वहीत लिहून ठेवलीत, प्लॅटफॉर्मची जागा रिकामी सोडून.

फ्लॅट स्टेशनपासून चार मिनिटांवर मिळालाय, पायऱ्या नाहीत. घरमालकिणीला मी दोनदा विचारून घेतलं, आणि दारापासून स्टेशनपर्यंतच्या रस्त्याचा फोटो मागवला. नवरा आणि मुलगा स्की शिकणार, लेक बोर्ड. मी एक दिवस ग्रिंडेलवाल्डला मुलाला वेलोगेमेलवर बसवायला नेणार, एक दिवस मेनलिखेनची वाट चालणार, बाकी दिवस सासूबाईंबरोबर. युंगफ्राउयोखचं सासऱ्यांच्या डॉक्टरांनी सहाव्या दिवशी, तब्येत बघून, असं सांगितलंय. नाही जमलं तर ते खालूनच त्या रेल्वेचा बोगदा बघणार. १८९६ ते १९१२, सोळा वर्षं खणत होते, हे ते आम्हाला परवापासून सांगतायत.

त्सेरमाट सुटलं याचं नवऱ्याला थोडं वाईट वाटलं, ते खरं आहे. पण साडेबाराच्या जेवणाचं त्याला पटलंय. रविवारी तो यवतेश्वर चढून न पळता उतरला, फिजिओंनी सांगितलं तसा. सोमवारी जिन्यावर कठडा धरून येत होता.

आजी, सासूबाईंनी तुम्हाला एक विचारायला सांगितलंय. शायडेगला गाडीतून उतरल्यावर तुम्ही आधी पोचायचात आणि मुलं मागून यायची, तेवढा वेळ बसायला उन्हात जागा असते का?

कृष्णाकाठची_आजी

असते गं. स्टेशनाच्या बाहेरच बाकं आहेत, बारा वाजता ऊन असतं. लाकूड मात्र फार गार लागतं. त्यांना म्हणावं, घरून एक लहान बसकर पिशवीत टाका.